कलम आहे, माणूस नाही

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने नालासोपाऱ्यातल्या एका कारखान्यावर छापा घातला आणि सातशे किलोंहून अधिक मेफेड्रोन (‘एमडी’) जप्त केले. पोलिसांनी त्याची किंमत चौदाशे कोटी रुपये सांगितली. नालासोपारा आणि आमची वसईतली एव्हरशाईन सिटी यांच्यात रिक्षाचे अंतर आहे, त्यामुळे हा कारखाना आमच्या शेजारचाच. माल कोणी बनवला, कोणाला विकला, पोलिसांना खबर कशी लागली, याविषयी भरपूर लिहून आले. ते आवश्यकच होते. पण असा माल शेवटी ज्याच्या खिशात एक ग्रॅमच्या पुडीत सापडतो, त्याचे पुढे काय होते, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. या स्फुटाचा विषय तो आहे.

पुडी सापडलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा असतो. गोखिवरे किंवा वालीवच्या गाळ्यात कामाला, नाहीतर पार्सल पोचवणारा, नाहीतर शिक्षण अर्धवट सोडून घरी बसलेला. लोकांच्या तोंडी त्याच्यासाठी एकच नाव असते, ‘गर्दुल्ला’, मग तो एमडी घेवो, गांजा ओढो की झोपेच्या गोळ्यांची ‘बटणे’ खावो. पोलीस त्याला उचलतात, वैद्यकीय तपासणी होते, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा नोंदवला जातो. हे कलम सेवनाचे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकीच्या पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी जाणता माणूस त्याच्या बापाला बाजूला घेऊन सांगतो, ‘कबूल करून टाकू दे, दंड भरा, मोकळे व्हा.’ बाप उसने पैसे आणतो, दंड भरतो आणि मुलाला घरी घेऊन जातो. मुलाची तलफ त्याच्यासोबत घरी जाते.

हे कल्पनेने रंगवलेले नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत निकाली निघालेले अमली पदार्थ सेवनाचे दहा हजारांहून अधिक खटले तपासले. जवळपास सगळ्यांत आरोपीने गुन्हा कबूल केला होता आणि शिक्षा दंडाची किंवा अगदी थोड्या दिवसांची होती. न्यायालयाने उपचाराला पाठवलेला माणूस मात्र त्या दहा हजारांत एकही नव्हता. याच संस्थेने आधी पंजाबातल्या २०१३ ते २०१५ मधल्या खटल्यांचा अभ्यास केला होता. ज्या राज्यात व्यसनाधीनता हा निवडणुकीचा मुद्दा होतो, तिथेही चित्र हेच होते.

कायद्यात तरतूदच नसती, तर हे समजण्यासारखे होते. पण तरतूद आहे, आणि चांगली आहे. कलम ६४-अ म्हणते की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून, सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने चालवलेल्या अथवा मान्यता दिलेल्या रुग्णालयात किंवा संस्थेत उपचाराला तयार झाला आणि त्याने उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण काढून घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे किती, तेही ठरलेले आहे. मेफेड्रोनचे दोन ग्रॅम, हेरॉइनचे पाच, गांजाचा एक किलो. कलम ३९ त्याच्याही पुढे जाते. दोष सिद्ध झाल्यावरसुद्धा न्यायालय आरोपीचे वय, वर्तन, पूर्वेतिहास, शारीरिक आणि मानसिक स्थिती पाहून त्याच्या संमतीने त्याला शिक्षेऐवजी उपचाराला सोडू शकते. वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल आणायचा, तो समाधानकारक असेल तर ताकीद देऊन, पुन्हा गुन्हा न करण्याचे जास्तीत जास्त तीन वर्षांचे बंधपत्र घेऊन सोडून द्यायचे. इतकी समंजस कलमे आपल्या कायद्याच्या पुस्तकांत फार सापडत नाहीत.

त्यांचा उपयोग झाल्याचे उदाहरण मुंबईतच आहे. अभिनेता फरदीन खान यांना २००१ मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झाली. त्यांनी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना ६४-अ चे संरक्षण दिले. योग्यच झाले, कायदा त्यासाठीच आहे. पण त्यासाठी अकरा वर्षे चिकाटीने लढणारे वकील लागले, उपचारांची कागदपत्रे नीट जपून न्यायालयापुढे मांडावी लागली. आचोळ्याच्या चाळीतल्या मुलाच्या बापाला ६४-अ हे नावही ठाऊक नसते. त्याला ते सांगणारे कोणी तिथे नाही. न्यायाधीशांपुढे एका दिवसात शंभर प्रकरणे. पोलिसांचे काम आरोपपत्र देण्याचे. सरकारी वकिलाचे काम खटला चालवण्याचे. ‘या मुलाशी मी अर्धा तास बोललो, घरच्यांना भेटलो, अमुक केंद्रात परवापासून जागा आहे, दर पंधरा दिवसांनी मी न्यायालयाला कळवीन,’ असे उभे राहून सांगणारा माणूस त्या खोलीत नसतो, कारण त्याच्या पगाराची तरतूद कुठल्याही अंदाजपत्रकात नाही. अडचण कायद्याची नाही. अडचण एका पदाची आणि एका खाटेची आहे, आणि दोन्ही पैशाने मिळतात.

खाटेचे वसईत काय आहे ते पाहा. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांच्या वर होती. आजची त्याहून बरीच मोठी असणार, हे एव्हरशाईनच्या कोणत्याही गच्चीवरून चारी बाजूंना पाहिले तरी कळते. आमच्यासाठी सर्वांत जवळचे शासकीय मनोरुग्णालय ठाण्याचे, १९०१ मध्ये सुरू झालेले. तिथे पोचायचे म्हणजे लोकलने दादरला जाऊन गाडी बदलून पुन्हा उत्तरेकडे ठाण्याला, नाहीतर घोडबंदरच्या रस्त्यावरचा वाहतुकीचा खोळंबा. वसईहून कोपर-दिव्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, पण मोजक्या. हा प्रवास अंगाला कंप सुटलेल्या, घाम फुटलेल्या, रात्रभर न झोपलेल्या मुलाला घेऊन रोजावर काम करणाऱ्या आईने करायचा असतो. पहिल्या खेपेला ती जाते. दुसऱ्या खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो. तिसऱ्या खेपेला मुलगाच नाही म्हणतो. याला आपण ‘रुग्णाने उपचार सोडले’ असे लिहितो.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो, आणि बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांमागे एकाला, असे आढळले. सदतीस आणि एकोणीस माणसे कुठे जातात? बरीचशी घरात कुढत राहतात. काही पोलीस ठाण्यात पोचतात, तीही बहुधा सेवनासाठी नव्हे. मोबाइल हिसकावला, बांधकामावरची तांब्याची तार उचलली, उभी दुचाकी पळवली, दारूच्या नशेत शेजाऱ्याचे डोके फोडले. यांना ६४-अ लागू होत नाही आणि जामीनदार मिळत नाही म्हणून ते आत राहतात. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता ११०५ आहे आणि तिथे क्षमतेच्या कित्येक पट कैदी राहत आले आहेत. तिथे तलफ मारली जाते, नाहीतर नव्या ओळखी होतात. सहा महिन्यांनी बाहेर आलेला माणूस त्याच गल्लीत परततो, आणि गल्ली त्याला आता ‘जेलमधून आलेला’ म्हणून ओळखते.

या दुसऱ्या गटासाठीही रस्ता आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या चौथ्या कलमाखाली न्यायालय आरोपीला शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते आणि त्या हमीत नशेपासून दूर राहण्याची अट घालू शकते. १९५८ च्या खासदारांना जे सुचले, ते आज राबवायला परिवीक्षा अधिकारी हवेत. जे आहेत त्यांच्यावर महिला व बालविकास खात्याची इतर कामे आहेत. नशेच्या मागे लागून चोरी करणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी अहवाल लिहायला त्यांना वेळ कधी मिळावा?

हे काम होऊ शकते याचा पुरावा बाहेर शोधावा लागत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातल्या तुरुंगांत, पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत समाजसेवक बसवतो आहे. कैद्याच्या घरी निरोप पोचवणे, वकील मिळवून देणे, सुटल्यावर निवारा आणि काम पाहणे, ही त्यांची रोजची कामे. साडेतीन दशके हे चालू आहे, तरी तो ‘प्रकल्प’च राहिला; शासनाच्या आकृतिबंधात ते पद आले नाही.

उपचारांचेही तसेच. डॉ. अनिल अवचटांनी ऐंशीच्या दशकात ‘गर्द’च्या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी त्याची घडी बसवली. त्याआधी पाच वर्षे, १९८१ मध्ये, फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या चर्चमधून ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले होते. त्याचे केंद्र वसईतही आहे. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती उभी राहिली ती एका लेखकाच्या देणगीवर आणि एका धर्मगुरूच्या ओढीवर. त्यांचे ऋण मोठेच आहे. पण चाळीस वर्षांनंतरही बारा लाखांहून मोठ्या शहराची व्यवस्था दानशूरांच्या मर्जीवर सोडून द्यायची, हे शासनाला शोभत नाही. शासनाने पैसा, स्थानिक संस्थेने माणसे आणि एखाद्या न्यासाने थोडा हातभार, असे गणित जमते हे गडचिरोलीच्या ‘मुक्तिपथ’ने २०१६ पासून दाखवले आहे. तिथे राज्य सरकार, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट एकत्र आले आणि सबंध जिल्हा कार्यक्षेत्र म्हणून घेतला.

आता पैशाविषयी स्पष्ट बोलू या. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित असल्याचे सांगितले गेले. जादा म्हणजे आधीच्या वीस हजार कोटींहून अधिक उत्पन्नाच्या वर. या चौदा हजार कोटींतला हजारी एक रुपया म्हणजे चौदा कोटी. छत्तीस जिल्ह्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे एकोणचाळीस लाख येतात. न्यायालयात आणि पोलीस ठाण्यांत बसणाऱ्या चार समाजसेवकांना महिना चाळीस हजार द्यायचे म्हटले, तर वर्षाचे एकोणीस लाख वीस हजार होतात. उरलेल्या पैशात आठवड्यातून दोन दिवस येणारा मनोविकारतज्ज्ञ, औषधे आणि गरीब कुटुंबाचे जाण्यायेण्याचे भाडे बसते. शंभरातला एक रुपया दिला तर जिल्ह्यामागे पावणेचार कोटींहून अधिक मिळतात. मग खाटाही येतात. दारू विकून सरकार पैसा मिळवते याला माझा आक्षेप असो वा नसो, त्या दारूने जे घर मोडले त्या घराचा या पैशावर पहिला हक्क आहे, असे मला ठामपणे वाटते.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर हा हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ७-अ खाली एक राष्ट्रीय निधी आहे. तस्करांची जी मालमत्ता कायद्याच्या पाच-अ प्रकरणाखाली सरकारजमा होते, तिच्या विक्रीचे पैसे त्यात जमा करायचे आणि व्यसनी माणसांचे उपचार आणि पुनर्वसन हा त्या निधीच्या खर्चाचा एक हेतू. जप्त केलेला माल जाळला जातो, त्याचे चौदाशे कोटी कोणाच्या हाती येत नाहीत, हे खरे. पण अशा धंद्यांतून घेतलेली घरे, गाड्या, जमिनी असतात. नालासोपाऱ्यासारख्या ठिकाणी विष बनवून कमावलेली मालमत्ता विकली गेली, तर तिचा काही भाग वसई-विरारच्या मुलांच्या उपचारांसाठी परत यावा, ही मागणी खासदारांनी संसदेत करायला हवी.

सरकारकडे पैसा नाही, असे कोणी म्हणू नये. २०२५ मध्येच राज्याच्या अमली पदार्थविरोधी कृती दलासाठी ३४६ पदांना मंजुरी मिळाली. मिळायलाच हवी होती. कारखाने शोधणारे हवेतच. पण पकडणाऱ्यांसाठी ३४६ पदे निर्माण करता येत असतील, तर पकडलेल्याला बरे करणाऱ्यांसाठी त्याच्या दहा टक्के तरी करता येतील. केंद्राचा ‘राष्ट्रीय कृती आराखडा’ २०१८ पासून आहे, त्यातून स्वयंसेवी संस्थांच्या पुनर्वसन केंद्रांना अनुदान मिळते, सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार केंद्रे उघडता येतात, १४४४६ ही मदतवाहिनी चालते. मदतवाहिनीवरचा आवाज प्रेमळ असला, तरी तो न्यायाधीशांपुढे अहवाल ठेवू शकत नाही.

पैसा आधी की सुधारणा आधी, याचा धडा अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने महाग किंमत देऊन घेतला. तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये कौल दिला आणि फेब्रुवारी २०२१ पासून थोडे अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्हा राहिला नाही. फक्त शंभर डॉलरची पावती, आणि मदतवाहिनीला फोन केला तर तीही माफ. उपचारांसाठी गांजाच्या करातून पैसा मिळणार होता. तो ठरला, मंजूर झाला, पण संस्थांच्या हाती पडायला फार उशीर झाला. तोवर तुरुंगाचा धाकही गेलेला आणि दवाखानाही उघडलेला नाही, अशी अवस्था झाली. लोक रस्त्यांवर जे पाहत होते त्याने वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून तो गुन्हा परत आणला गेला. पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून याच दिशेने पाऊल टाकले, पण तिथे पोलिसांनी पकडलेला माणूस तीन जणांच्या आयोगापुढे जातो, ज्यात कायद्याबरोबर मानसशास्त्र किंवा समाजसेवेची जाण असलेली माणसे बसतात आणि ज्यांच्या हाताशी आरोग्य खात्याची उपचारकेंद्रे आहेत. ती व्यवस्था इतकी वर्षे टिकली. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या जनमतात किरकोळ गुन्ह्यांची शिक्षा कमी करताना तुरुंगाचा जो खर्च वाचेल त्याचा पासष्ट टक्के भाग मानसिक आरोग्य आणि व्यसनाच्या उपचारांकडे वळवायचा, असे कायद्यातच लिहून टाकले. सवलत आणि तिचा पैसा एकाच कागदावर असले पाहिजेत, एवढे आपण यातून उचलावे. २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने थोड्या प्रमाणातल्या सेवनाला गुन्हा मानू नये अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. शिफारस मला मान्य आहे, मात्र तिच्यासोबत पैशाचा आकडा आला तरच.

दोन शंका लोक विचारतात आणि त्या रास्त आहेत.

पहिली बायकांची. ‘दारू पिऊन मला मारतो त्याला तुम्ही आजारी म्हणून सोडणार का?’ अजिबात नाही. मारहाण हा गुन्हा आहे आणि दारू हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. घरातल्या हिंसाचाराच्या प्रकरणात उपचार हा शिक्षेचा पर्याय म्हणून नव्हे, तर शिक्षेच्या किंवा जामिनाच्या जोडीने यावा. आणि तो घरी परत कधी यायचा, यायचा की नाही, हे त्या बाईला विचारल्याशिवाय ठरू नये. समाजसेवकाने तिची वेगळी भेट घ्यावी, नवऱ्यासमोर नव्हे. विकणाऱ्यांनाही या वाटेवर जागा नाही. इथे गोष्ट फक्त घेणाऱ्यांची आणि घेण्याच्या नादात किरकोळ गुन्हा केलेल्यांची आहे.

दुसरी शंका केंद्रांविषयी. गाळा भाड्याने घेऊन, खिडक्यांना जाळी ठोकून ‘व्यसनमुक्ती’ची पाटी लावणारे आणि आत मुलांना डांबून मारणारे कमी नाहीत. सरकारी पैसा आला की ते पहिल्या रांगेत उभे राहतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितीला मानसिक आजार मानले आहे, आणि असे आजार असलेल्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणी नसेल तिथे एकही रुपया जाऊ नये आणि एकही मुलगा पाठवू नये. ज्याला साखळीने बांधून ठेवले त्याने ‘स्वतःहून’ उपचार घेतले, असे ६४-अ च्या अर्जावर लिहिणे हा न्यायालयाशी खोटेपणा आहे. काहींना दाखल व्हावेच लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात रोज औषध घेऊन घरी राहता येते, कामावर जाता येते. म्हणून खाटांइतकाच बाह्यरुग्ण विभाग महत्त्वाचा आहे, आणि तो घराजवळ हवा.

नशेच्या आड लपलेले मानसिक आजार हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आवाज ऐकू येणारा, कोणीतरी मागावर आहे असे वाटणारा तरुण अनेकदा ते आवाज दाबण्यासाठीच बाटली किंवा चिलीम जवळ करतो. त्याला फक्त नशा सोडवायला पाठवले तर आवाज परत येतात आणि मागोमाग नशाही. मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १०० सांगते की रस्त्यावर भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे पोलिसांना वाटले, तर तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. रात्री दोन वाजता स्टेशनच्या जिन्यावर अशी व्यक्ती सापडली तर हवालदाराने तिला न्यायचे कुठे? त्याला ठाऊक नसेल तर दोष त्याचा नाही. पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक त्याच्या टेबलावर लिहून ठेवणे हे आमच्या शहराचे काम आहे.

या सगळ्याला मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ६४-अ मधले ‘स्थानिक प्राधिकरण’ हे शब्द पुन्हा वाचा. ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेली वसई-विरार शहर महानगरपालिका हे स्थानिक प्राधिकरण आहे. तिने चालवलेली किंवा तिने मान्यता दिलेली संस्था ६४-अ साठी पुरेशी आहे. तिच्या पार नाक्यावरच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात आठवड्याचे दोन दिवस व्यसनाचा बाह्यरुग्ण विभाग उघडता येईल. वसईत आधीपासून चांगले काम करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात काही खाटा राखून घेऊन, त्या खाटांचे पैसे महापालिकेला भरता येतील. एव्हरशाईन, वसंत नगरी आणि आचोळे या पट्ट्यात, म्हणजे रेल्वेच्या पूर्वेला, एक समुपदेशन खोली हवी. संध्याकाळी सात ते दहा उघडी राहणारी, कारण कामावरची मुले त्याआधी परतत नाहीत.

न्यायालयातल्या माणसाचीही सोय लगेच होऊ शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या बळींना कायदेविषयक मदत देण्याची स्वतंत्र योजना काढली आहे. तालुका विधी सेवा समिती त्या योजनेखाली एका विधी स्वयंसेवकाला या कामाचे प्रशिक्षण देऊन रिमांडच्या वेळी न्यायालयात बसवू शकते. त्याने प्रत्येक कलम २७ च्या आरोपीला कबुलीआधी एवढेच विचारायचे: ‘उपचाराला तयार आहेस का? तयार असशील तर खटला टळू शकतो.’ मराठीत, हिंदीत, भोजपुरीत, त्याला कळेल त्या भाषेत. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय २०२० पासून स्वतंत्र आहे. आयुक्तांनी एक परिपत्रक काढून ठाण्यातच हा प्रश्न विचारायला सांगितले, तर काही मुले न्यायालयापर्यंतही पोचणार नाहीत.

एव्हरशाईन सिटीतल्या सोसायट्यांकडे माझी एक विनंती आहे. समुपदेशन खोलीला जागा लागेल तेव्हा ‘आमच्या गेटजवळ गर्दुल्ले नकोत’ असा ठराव करू नका. ती मुले आजही आपल्याच जिन्यांखाली बसतात, आणि त्यांतली काही आपल्याच सोसायटीतली आहेत. ठराव करायचाच असेल तर तो महापालिका आयुक्तांच्या नावे करा: कलम ६४-अ खाली मान्यताप्राप्त उपचार केंद्रांची यादी जाहीर करा, येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि पहिल्या वर्षी किती जणांना न्यायालयातून उपचाराकडे नेले, ते वर्षअखेरीस छापून द्या. सोसायटीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने. एक प्रत तालुका विधी सेवा समितीला, एक आमदारांना.